झोटेरो वापरा, पण पेपर आधी उघडा

रिसर्च करणाऱ्या विद्यार्थ्याने एकच सॉफ्टवेअर शिकायचं तर कुठलं, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं, झोटेरो, म्हणजे पेपर (संशोधनाचे लेख) जमवून ठेवणारं, वाचू देणारं आणि लिहिताना त्यांचे संदर्भ देऊन देणारं सॉफ्टवेअर. हा रिव्ह्यू मुख्यतः त्याचाच आहे. पण नुसतं झोटेरोचं कौतुक करून भागत नाही, कारण त्यात भरायचे पेपर आणायचे कुठून, आणलेल्यांवर विश्वास कितपत ठेवायचा आणि आता सगळ्यांच्या तोंडी असलेली एआय टूल्स यात कुठे बसतात हे सगळं एकमेकांत अडकलेलं आहे, त्यामुळे जरा लांबणार आहे, सवडीने वाचा.

कुठलंही टूल बघताना मी एकच गोष्ट बघते, हे मला मूळ लेखापर्यंत नेऊन सोडतं की मधल्याच कुठल्या तरी सारांशावर गप्प बसवतं. मूळ लेख म्हणजे ज्याने प्रयोग केला, मुलाखती घेतल्या, जुने कागद चाळले त्याने स्वतः लिहिलेलं. बातमी, ब्लॉग, व्हिडिओ, एआयचं उत्तर हे सगळे तिथवर जायचे रस्ते, आणि रस्त्यातच थांबलं की भलतंच काहीतरी हातात येतं कारण प्रत्येक जण थोडं थोडं बदलून सांगतो. मूळ लेखात 'काही रुग्णांमध्ये असं दिसलं' असतं, बातमीत त्याचं 'सिद्ध झालं' होतं आणि आपल्या प्रोजेक्टमध्ये येईपर्यंत तो निसर्गनियम झालेला असतो. खालची सगळी टूल्स याच कसोटीवर बघितली आहेत.

झोटेरो २००६ साली आलं, अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीच्या इतिहास आणि न्यू मीडियाच्या सेंटरमधून. सुरुवातीला फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन होतं, आता स्वतंत्र ॲप आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, फुकट आहे, ओपन सोर्स आहे. इतिहासवाल्यांच्या हातून तयार झालंय हे वापरताना जाणवतं, म्हणजे जर्नलचे पेपर आणि पुस्तकं एवढ्यावर न थांबता पत्र, हस्तलिखित, मुलाखत, नकाशा, चित्र, कोर्टाचा निकाल, पेटंट सगळ्यासाठी वेगळा प्रकार आहे आणि प्रकार बदलला की भरायचे रकानेही बदलतात. सायन्सवाल्यांना याचं विशेष वाटणार नाही, पण भाषा, समाजशास्त्र, कायदा वगैरे करणाऱ्यांना कळेल मी काय म्हणतेय ते, कारण काही टूल्समध्ये पत्राला 'इतर' मध्ये कोंबावं लागतं.

वापरायची पद्धत अशी की कॉम्प्युटरवर ॲप घ्यायचं आणि ब्राउझरमध्ये त्याचा कनेक्टर टाकायचा. मग कुठल्याही पेपरच्या पानावर असलात की वरच्या पट्टीत एक छोटं चिन्ह दिसतं, ते दाबलं की लेखक, शीर्षक, जर्नल, वर्ष, खंड, अंक, पानं, डीओआय सगळं लायब्ररीत जाऊन बसतं आणि पीडीएफ मिळण्यासारखी असेल तर तीही सोबत येते. सर्चच्या यादीवर असाल तर तेच चिन्ह फोल्डरचं होतं आणि यादीतले हवे ते टिक करून एकदम घेता येतात, पण हा मोह टाळा असं मी म्हणेन, का ते पुढे येईलच. छापील पुस्तक समोर असेल तर जादूच्या कांडीचं एक बटण आहे, त्यात पुस्तकाचा आयएसबीएन टाकला की पुस्तकाची माहिती आपोआप येते, डीओआय किंवा पबमेडचा (वैद्यकातल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या साइटचा) नंबर टाकला तरी चालतं.

डीओआय हा शब्द इतक्यांदा येणार आहे म्हणून इथेच सांगते. १० ने सुरू होणारा नंबर असतो, लेखाला कायमचा दिलेला, ही पद्धत २००० सालापासून चालू आहे. जर्नलची वेबसाइट बदलली, प्रकाशक बदलला, लिंक मेली, तरी डीओआय डॉट ऑर्ग लिहून त्यापुढे तो नंबर टाकला की लेख जिथे असेल तिथे पोचता. संदर्भ खरा आहे का हे बघायची सगळ्यात पटकन होणारी चाचणी हीच, आणि ही शिकायला मिनिटभर लागत नाही तरी डिग्री संपेपर्यंत कुणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता झोटेरोचं जे काम सगळ्यात जास्त वेळ वाचवतं ते, संदर्भ देणं. वर्ड, लिब्रेऑफिस आणि गूगल डॉक्स तिन्हींत त्याचं प्लगइन चालतं. लिहिता लिहिता बटण दाबलं, लेखकाचं आडनाव टाइप केलं, पान नंबर टाकला, की वाक्यात संदर्भ आणि शेवटी संदर्भसूची दोन्ही आपोआप तयार होतात. एपीए, एमएलए, शिकागो, व्हँकुव्हर, आयट्रिपलई, अशा दहा हजारांवर स्टाइल्स, म्हणजे संदर्भ लिहायच्या ठरलेल्या पद्धती, उपलब्ध आहेत, वेगवेगळ्या जर्नल्सच्या स्वतःच्या धरून, आणि गाईडने शेवटच्या आठवड्यात 'हे सगळं शिकागोमध्ये करून आण' म्हटलं तर एका ड्रॉपडाउनमध्ये सगळं बदलतं, तळटीपांसकट. हाताने संदर्भसूची करण्यात शिस्त लागते, अभ्यास होतो असं मानणारे लोक आहेत, मला ते पटत नाही. स्वल्पविराम कुठे आणि तिरका टाइप कुठे यात गेलेली रात्र वाचनातून वजा झालेली असते.

पण आपोआप आलेलं सगळं बरोबर असेलच असं नाही, आणि नवे विद्यार्थी अडकतात ते इथेच. पानावर जी माहिती दडवलेली असते तीच झोटेरो उचलतं, ती चुकीची असेल तर चुकीचीच येते. त्यामुळे पेपर सेव्ह केला की लगेच उजवीकडचे रकाने एकदा डोळ्याखालून घालायचे. सरकारी किंवा संस्थांचे रिपोर्ट असतील तर संस्थेच्या नावाचे दोन तुकडे होऊन अर्धं आडनावात आणि अर्धं नावात गेलेलं असू शकतं, नावाच्या शेजारी एक छोटं बटण आहे ते दाबलं की एकच रकाना होतो. वेबपेज असेल तर लेखकाची जागा रिकामी, तारीख नाही, असं असतं, ते पानावर शोधून स्वतः भरायचं. इंग्रजी शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये आलं असेल तर त्यावर राइट क्लिक करून सेंटेन्स केस करून ठेवा, कारण ज्या स्टाइलला प्रत्येक शब्द कॅपिटल हवा असतो तिथे झोटेरो स्वतः ते करतं पण उलटं करू शकत नाही. हे काम पेपर घेतानाच अर्ध्या मिनिटाचं असतं, दीडशे पेपर जमल्यावर मात्र कुणालाच करवत नाही. म्हणूनच यादीच्या यादी एकदम उचलू नका म्हटलं.

२०२२ मध्ये सहावं व्हर्जन आलं तेव्हापासून पीडीएफ झोटेरोच्या आतच उघडते, हायलाइट करता येतं, बाजूला टीप लिहिता येते, आणि २०२४ च्या सातव्या व्हर्जनपासून ईपब (ई-पुस्तकांच्या फाइल्स) आणि सेव्ह केलेली वेबपेजेसही तशीच वाचता येतात. माझ्या मते झोटेरोचा खरा जीव इथे आहे आणि बहुतेक लोक ते फक्त संदर्भसूचीचं मशीन म्हणून वापरतात. हायलाइट केलेल्या सगळ्या ओळी एका नोटमध्ये काढता येतात आणि प्रत्येक ओळीमागे पान नंबर असतो, त्यावर क्लिक केलं की पीडीएफमध्ये नेमक्या त्याच ओळीवर जाता येतं. ती नोट वर्डमध्ये प्लगइनच्या 'ॲड नोट' बटणाने घातली तर सोबतचे संदर्भही जिवंत राहून येतात. म्हणजे सहा महिन्यांनी 'हे वाक्य मी कुठून घेतलं होतं' असं झालं की उत्तर दोन क्लिकवर असतं. नकळत होणारी कॉपी, म्हणजे टिपणवहीत दुसऱ्याचं वाक्य अवतरणचिन्हाशिवाय उतरवलेलं आणि नंतर ते आपलंच वाटलेलं, ही यात जवळजवळ होतच नाही. मी रंग ठरवून घेतलेत, पिवळा म्हणजे लेखकाचा मुख्य दावा, हिरवा म्हणजे पद्धत, लाल म्हणजे पटत नाही किंवा तपासायला हवं, आणि लाल नसलेला पेपर म्हणजे आपण नीट वाचलेला नाही असं मी धरते.

अजून एक गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते. रिट्रॅक्शन वॉच नावाचा एक डेटाबेस आहे, चुका किंवा फसवणूक सापडल्यामुळे मागे घेतलेल्या पेपरांचा. झोटेरो तुमची लायब्ररी त्याच्याशी ताडून बघतं आणि एखादा पेपर मागे घेतलेला असेल तर लाल पट्टी दाखवतं, तो सायट करायला, म्हणजे संदर्भ म्हणून द्यायला, गेलात तर पुन्हा इशारा देतं. एमएमआर लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा १९९८ चा द लॅन्सेटमधला पेपर आठवा, फक्त बारा मुलांवरचा, तो मागे घ्यायला २०१० उजाडलं, आणि मधल्या बारा वर्षांत त्याच्या आधाराने केवढं काय काय बोललं गेलं. मागे घेतल्यानंतरही असे पेपर सायट होत राहतात कारण जुनी पीडीएफ कुणाच्या तरी फोल्डरमध्ये पडलेली असते आणि त्या पीडीएफवर मागे घेतल्याचा शिक्का नसतो. हे काम माणसाने स्वतः करायचं म्हटलं तर अशक्य आहे, इथे मशीनने करावं हेच बरोबर.

उणिवा सांगायच्या तर पहिली जागेची. फुकट अकाउंटवर ३०० एमबी मिळतात, स्कॅन केलेली दोनचार जाडी पुस्तकं टाकली की संपलं. माहिती, टिपणं, टॅग्ज यांचं सिंक या ३०० मध्ये धरत नाहीत, फक्त फाइल्स धरतात, त्यामुळे फाइल सिंक बंद ठेवून सगळ्या पीडीएफ आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवल्या तरी काम अडत नाही, किंवा वेबडॅव्ह (दुसऱ्या सर्व्हरवर फाइल्स ठेवायची एक पद्धत) देणारी दुसरी सेवा असेल तर ती जोडता येते. यात एक धोका आहे तो मात्र मोठ्याने सांगते, झोटेरोचं मुख्य डेटा फोल्डर उचलून ड्रॉपबॉक्स किंवा गूगल ड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये ठेवू नका, डेटाबेस बिघडू शकतो, झोटेरोवाले स्वतः हे करू नका म्हणतात. दुसरी उणीव, पाचशे संदर्भ असलेल्या मोठ्या प्रबंधात प्रत्येक संदर्भ टाकताना वर्ड रेंगाळतं, त्यावर उपाय म्हणजे संदर्भांचं ऑटोमॅटिक अपडेट बंद ठेवायचं आणि दिवसाच्या शेवटी एकदा रिफ्रेश करायचं. दिसायला सातव्या व्हर्जनपासून बरं झालंय, त्याआधी जुनाट दिसायचं.

एंडनोट आणि मेंडेले या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरशी तुलना विचारतात. एंडनोट पैसे देऊन घ्यावं लागतं, आणि विद्यार्थ्याने ते का घ्यावं याचं एकच कारण मला दिसतं, पूर्ण लॅब तेच वापरत असेल तर. मेंडेले फुकट आहे पण २०१३ पासून एल्सेवियरच्या मालकीचं आहे, म्हणजे पेपर विकणारी कंपनी आणि तुम्ही कुठले पेपर वाचता हे ज्याला कळतं ते सॉफ्टवेअर एकाच घरात. ज्याला चालतं त्याला चालो, मला नाही चालत.

आता पेपर शोधायचं. सगळे गूगल स्कॉलरवर जातात आणि जावंच, २००४ पासून आहे आणि इतकं पसरलेलं सर्च दुसरं नाही. पण बहुतेक जण वरच्या चौकोनात पूर्ण प्रश्न टाइप करतात, पहिल्या पानावरचं घेतात आणि निघतात. स्कॉलरची ताकद प्रत्येक रिझल्टच्या खालच्या बारीक अक्षरांतल्या ओळीत आहे. तिथे 'सायटेड बाय' आणि पुढे आकडा असतो, त्यावर क्लिक केलं की त्या लेखानंतर ज्यांनी ज्यांनी त्याचा आधार घेतला ते सगळे दिसतात, आणि तिथे वर एक खूण करायचा छोटा चौकोन असतो ज्याने फक्त या सायट करणाऱ्या लेखांच्या आत शोधता येतं. हे फार कमी लोकांना माहीत आहे. समजा १९९५ चा एक गाजलेला पेपर आहे आणि त्याला चार हजारांनी सायट केलंय, तर त्या चार हजारांत 'टीका', 'अपयश', 'पुन्हा केलेला प्रयोग' अशा अर्थाचे शब्द टाकून बघा, त्या पेपरवरचा सगळा वाद समोर येतो. संदर्भसूचीने मागे जाता येतं, सायटेड बायने पुढे, आणि दोन्ही दिशांना दोन दोन पावलं गेलं की विषयातली मुख्य मंडळी कोण हे आपोआप कळतं, नावं परत परत यायला लागतात.

'ऑल व्हर्जन्स' वर क्लिक केलं की त्याच लेखाच्या दुसऱ्या प्रती दिसतात, प्रकाशक पैसे मागत असेल तर लेखकाने आपल्या विद्यापीठाच्या साइटवर ठेवलेली प्रत पुष्कळदा तिथे सापडते. डबल कोटमध्ये शब्द टाकले की तेच शब्द त्याच क्रमाने हवेत, वजाचं चिन्ह लावलं की तो शब्द नको, इनटायटल लिहिलं की शीर्षकातच हवा, एवढे तीन जरी पाठ केले तरी लाखातली यादी दोनशेवर येते. सेटिंग्जमध्ये लायब्ररी लिंक्स म्हणून आहे, तिथे आपलं विद्यापीठ जोडून ठेवा म्हणजे लायब्ररीने घेतलेल्या जर्नलची लिंक शेजारीच दिसेल.

तरी स्कॉलरवर एकट्यावर विसंबू नये. त्यात काय आहे आणि काय नाही याची यादी ते देत नाहीत, एका सर्चचे पहिले हजारच रिझल्ट दाखवतात, चांगलं जर्नल आणि पैसे घेऊन काहीही छापणारं जर्नल दोन्ही एकाच रांगेत उभी असतात, आणि ज्याला जास्त सायटेशन तो वर येत असल्याने जुनंच सारखं दिसतं, त्यासाठी डावीकडे वर्ष लावून घ्यायचं. वैद्यक, नर्सिंग, जीवशास्त्र, मानसशास्त्र यातलं काही असेल तर पबमेडवर जा, अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं आहे, फुकट आहे, तीन कोटींच्या वर नोंदी आहेत. त्यात मेश म्हणून ठरलेल्या शब्दांची यादी असते आणि ही खरी कमाल आहे, तुम्ही साध्या भाषेत हार्ट अटॅक टाकलं तरी ते मायोकार्डियल इन्फार्क्शनशी जोडून शोधतं, म्हणजे लेखकाने कुठला शब्द वापरला यावर तुमचं नशीब अवलंबून राहत नाही. आणि केलेला सर्च जसाच्या तसा उतरवून ठेवता येतो, दुसऱ्याला तोच करून बघता येतो. भौतिकशास्त्र, गणित, कॉम्प्युटर यांचं १९९१ पासूनचं प्रीप्रिंटचं, म्हणजे जर्नलमध्ये छापून येण्याआधीच्या लेखांचं, आर्काइव्ह (arXiv) आहे, कॉर्नेल युनिव्हर्सिटीचं, तिथे नवीन सगळ्यात आधी येतं, पण तिथला लेख दुसऱ्या तज्ज्ञांनी तपासून छापलेलाच असेल असं नाही हे लक्षात ठेवून वाचायचं.

पेपर पैशांच्या भिंतीमागे असेल तर अनपेवॉल टाका ब्राउझरमध्ये. २०१७ मध्ये आलं, पानाच्या कडेला कुलूप दिसतं, हिरवं झालं की कायदेशीर फुकट प्रत आहे, दाबा आणि वाचा. तेही नसेल तर लेखकाला दोन ओळींची ईमेल करा, खरंच करा, लेखकांना आपला पेपर कुणीतरी मागतंय याचा आनंद होतो आणि पाठवायला त्यांना सहसा अडचण नसते. कनेक्टेड पेपर्स नावाचं एक आहे, एक पेपर दिला की त्याच्यासारख्या पेपरांचं जाळं काढून देतं, नवीन विषयात शिरताना उपयोगी, चित्र सुंदर असतं, पण जाळ्यात जवळ दिसणारे दोन पेपर एकमेकांना सायट करतातच असं नाही, समान संदर्भांवरून ते जवळीक मोजतं. एकदा बघावं आणि वाचायला लागावं.

आता टूलपेक्षा स्किलचं, आणि यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक अभ्यास मांडला, १० इतिहासकार, १० फॅक्टचेकर आणि स्टॅनफर्डचेच २५ विद्यार्थी यांना अनोळखी वेबसाइट्स दिल्या आणि कोण कसं तपासतं ते बघितलं. त्यात बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पानं होती, एक १९३० पासूनची मोठी, सगळ्यांनी मान्य केलेली आणि दुसरी तिच्यापासून फुटून निघालेली छोटीशी, ठरावीक मतांची. नावं मिळतीजुळती, पानं दोन्ही नीटनेटकी. विद्यार्थी पान वरपासून खालपर्यंत वाचत राहिले, लोगो बघितला, संदर्भ आहेत का बघितलं, आणि बऱ्याच जणांना छोटी संघटनाच जास्त भरवशाची वाटली. इतिहासकारांपैकीही बरेच फसले, पुस्तकी विद्वत्ता असून. फॅक्टचेकर मात्र पान जेमतेम बघून बाहेर पडले, शेजारी नवे टॅब उघडले आणि बाकीचे लोक या संघटनेबद्दल काय म्हणतात ते शोधलं, आणि त्यांना थोड्याच वेळात उलगडा झाला. याला लॅटरल रीडिंग म्हणतात. कुणी स्वतःबद्दल काय लिहिलंय यावरून त्याचा खरेपणा ठरवायचा नाही, चार दुसऱ्यांना विचारायचं, एवढंच आहे ते, पण आपल्याला शाळेपासून उलटं शिकवलेलं असतं, समोरचं नीट लक्ष देऊन वाच. वाचायचंच आहे लक्ष देऊन, पण वाचण्याच्या लायकीचं आहे हे कळल्यावर. यासाठी विकिपीडियासुद्धा उत्तम, संदर्भ म्हणून त्याचं नाव टाकायचं नाही पण संघटना कोण, पैसा कुणाचा, वाद काय हे तिथे पटकन कळतं आणि तळाशी मूळ लेखांची यादी आयती असते.

एआय चॅटबॉटबद्दल. माझ्या कसोटीवर हे सगळ्यात खाली येतं, कारण ते इतकं गुळगुळीत उत्तर देतं की मूळ लेख उघडायची गरजच वाटत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निकाल तसेच्या तसे दाखल केले, ते निकाल कधी झालेलेच नव्हते, कोर्टाने ५,००० डॉलरचा दंड केला. संदर्भांचंही तसंच होतं, लेखकाचं नाव खरं, जर्नल खरं, वर्ष शोभेल असं, फक्त तो लेख जगात नाही. म्हणून एआयने दिलेला प्रत्येक संदर्भ डीओआय डॉट ऑर्गवर टाकून बघायचा, आणि उघडला तरी शीर्षक जुळतंय का बघायचं कारण डीओआय खरा पण दुसऱ्याच लेखाचा असंही होतं. स्कॉलरमध्ये नाव दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका, ज्या नोंदीला लिंक नाही आणि आधी फक्त 'सायटेशन' लिहिलंय तिचा अर्थ लेख सापडलाय असा नाही, कुणाच्या तरी संदर्भसूचीत ते नाव दिसलं एवढाच. मी एआय वापरते ते शब्द सुचवायला, म्हणजे एकाच गोष्टीला वेगवेगळ्या शाखांत काय काय म्हणतात याची यादी काढून ते शब्द मग पबमेड किंवा स्कॉलरमध्ये टाकायला, आणि त्यात ते खरंच चांगलं आहे. सारांश मात्र नको. पेपरमध्ये पद्धत कमजोर आहे हे सारांशातून कळत नाही, तक्ता तीन बघितल्यावर कळतं.

मूळापर्यंत जाण्याने काय होतं याचं माझं आवडतं उदाहरण थॉमस हर्नडनचं. दोन नामांकित अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये मांडलं होतं की देशाचं कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की अर्थव्यवस्थेची वाढ घसरते, सरासरी उणे ०.१ टक्क्यावर येते, आणि मोठमोठे नेते खर्चकपातीसाठी त्याचा दाखला द्यायचे. हर्नडन मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीच्या ॲमहर्स्टमध्ये शिकत होता, त्याला क्लासची असाइनमेंट होती की कुठलातरी छापलेला पेपर घ्या आणि त्यातले आकडे पुन्हा काढून दाखवा. आकडे जमेनात. त्याने लेखकांना लिहून मूळ स्प्रेडशीट मागितली, त्यांनी दिली, आणि बघतो तर सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी धरलेल्याच नव्हत्या. काही वर्षांचे आकडेही गाळलेले होते, सरासरी काढायची पद्धतही वादाची होती. सगळं दुरुस्त केल्यावर उणे ०.१ च्या जागी अधिक २.२ टक्के आलं, २०१३ मध्ये त्याच्या प्राध्यापकांसोबत त्याने ते मांडलं. विद्यार्थी होता, हातात एक्सेल होतं आणि मूळ फाइल मागायचं धाडस होतं, बास. स्प्रेडशीट कुठलीही असो, सूत्र कुठल्या ओळीपासून कुठल्या ओळीपर्यंत आहे ते क्लिक करून बघा, आणि मूळ डेटाची एक प्रत हात न लावता वेगळी ठेवा. एक्सेल आपल्या मनानेही बदल करतं, जीवशास्त्रात मार्च१, सेप्ट१ अशी जनुकांची नावं होती ती तारखा होऊन बसायची, शेवटी २०२० मध्ये त्या जनुकांचीच नावं बदलावी लागली.

वेबसाइटचा संदर्भ देणार असाल तर त्याच दिवशी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर ते पान सेव्ह करा, लिंक टाकून एक बटण दाबायचं असतं, आणि ती कायमची लिंक संदर्भात जोडा. २०१४ च्या एका अभ्यासात हार्वर्ड लॉ रिव्ह्यू आणि तशा जर्नल्समधल्या ७० टक्क्यांहून जास्त लिंक्सवर आता मूळ मजकूर मिळत नाही असं दिसलं होतं, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांतल्या लिंक्सचंही निम्म्यांचं तेच. तिथे ही अवस्था तर आपल्या प्रोजेक्टचं काय. झोटेरोही वेबपेज घेताना त्याची प्रत आपल्या कॉम्प्युटरवर ठेवतं, पण ती फक्त तुम्हाला दिसते, परीक्षकाला नाही.

नवीन सुरू करणाऱ्यांसाठी शेवटचं एक. झोटेरोचं अकाउंट उघडताना कॉलेजचा ईमेल देऊ नका, स्वतःचा द्या. कॉलेज सुटलं की तो ईमेल बंद होतो आणि पासवर्ड विसरलात तर परत मिळवायला जागा राहत नाही. ग्रुप प्रोजेक्ट असेल तर ग्रुप लायब्ररी काढा, ती फुकट आहे, मात्र त्यातल्या फाइल्स ग्रुप ज्याने काढला त्याच्या जागेतून मोजल्या जातात, त्यामुळे ज्याच्याकडे जागा जास्त आहे त्याने काढावी. आणि कोर्स संपण्याआधी, लायब्ररीचं लॉगिन चालू आहे तोपर्यंत, ज्या ज्या पेपरांवर तुमचं काम उभं आहे त्यांच्या पीडीएफ उतरवून झोटेरोत जोडून घ्या, लॉगिन बंद झाल्यावर त्या नव्याने मिळवणं अवघड जातं.